जयदेवला झालं काय, ते इंग्रजीत

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका व्हॉल्व्हच्या कंपनीत यशोधरा एकोणीस वर्षांपूर्वी खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागली आणि गेल्या महिन्यात पहिल्या पाळीची इन्चार्ज झाली. माणसं सांभाळणं तिला जमलं, माल वेळेत काढणं जमलं. अडलं ते रजिस्टरपाशी. पाळीत काही विपरीत घडलं की त्याची इंग्रजीत नोंद करायची, साक्षीदाराची सही घ्यायची आणि पानाचा फोटो काढून तीनच्या आत ऑफिसात प्रीतमसाहेबांना पाठवायचा. आधीच्या सगळ्या इन्चार्जांचा यावर एकच इलाज होता. मागची पानं चाळायची, तसलीच भानगड शोधायची, नाव बदलायचं आणि उतरवून मोकळं व्हायचं.

मंगळवारी साडेअकराला जयदेवने ट्रे आपटला.

जयदेव जवळच्या सोनिवली गावचा. चौदा वर्षांत त्याचा आवाज लोकांनी ऐकला तो शिंकेपुरता. मोठ्या भावाचं तेरावं उरकून दुसऱ्याच दिवशी तो कामावर आलेला. लाईन सुपरवायझर बबन प्रत्येक वाक्य 'हां तर'ने सुरू करतो, आणि तेही नाकातून. त्या दिवशीही तसंच. "हां तर जयदेवशेठ, झाली का पिकनिक? एवढ्या सुट्ट्या लागतात कशाला माणसाला?"

ट्रे खणकन खाली. व्हॉल्व्ह चारी दिशांना. "माजा भाऊस गेलाय," जयदेव ओरडला, "पिकनिक नाय केली मी." आणि तिथंच फतकल मारून ढसाढसा रडला. मग डोळे पुसून, गुडघ्यांवर रांगत, एकेक व्हॉल्व्ह त्याने स्वतःच गोळा केला.

यशोधराने त्याला पाणी दिलं, बाकावर बसवलं आणि रजिस्टर उघडलं. मागच्या पानांवर असे तीन जण सापडले. तिघांच्या नावापुढे एकच शेरा, 'बिकेम व्हायोलंट'. म्हणजे हिंसक झाला. त्यातला पहिला खरंच पाना घेऊन धावला होता. दुसरी मोतीबाई. तिने नुसता जेवणाचा डबा भिरकावला होता. तिसरा तर फक्त मोठ्याने बोलला होता. पण उतरवणाऱ्यांना वाटलं, कंपनीत या प्रकाराला असंच म्हणत असतील. तिघांनाही लेटर मिळालं, तिघेही घरी बसले.

तिने उल्हासनगरला कॉलेजात असलेल्या लेकीला, मायाला, फोन लावला. "माणूस ओरडतो, मग रडतो, त्याला इंग्रजीत काय म्हणतात गं?"

"मम्मी, ढीगभर आहेत. स्नॅप्ड. कटकन तुटला."

"काडी आहे का तो?"

"फ्रीक्ड आउट?"

"ते तू झुरळ बघून करतेस ते ना?"

"बरं, लॉस्ट इट. डोकं हरवलं."

"डोकं शाबूत होतं त्याचं. एकूण एक व्हॉल्व्ह मोजून ठेवलेत."

"वेंट टू पीसेस, तुकडे तुकडे झाला. हॅड अ मेल्टडाउन, वितळला." माया आता प्रत्येक शब्दाला वेगळा आवाज काढून दाखवत होती. मेल्टडाउनला तर ती पंख्यासारखी घरघरली.

"हे सगळं खिडकीतून बघणाऱ्याने लिहिल्यासारखं वाटतंय."

"मग ब्रोक डाउन घे. रडू कोसळलं."

"रडण्यापुरतं ठीक आहे. पण ट्रेचं काय? आणि भावाचं?"

"अगं, एवढं सगळं एका शब्दात मराठीत तरी बसतं का?"

बसत नव्हतं. म्हणून यशोधराने एक शब्द शोधायचं सोडलं आणि सातवीतल्या इंग्रजीत, छोट्या छोट्या वाक्यांत लिहिलं. जयदेवचा भाऊ वारला. काल तेरावं झालं. आज तो मिस्टर बबन यांच्यावर ओरडला. त्याने एक ट्रे खाली टाकला. तो खूप रडला. कुणाला लागलं नाही. त्याने सगळा माल परत भरला.

आता साक्षीदाराची सही, आणि साक्षीदार कोण, तर बबनच.

"हां तर मॅडम, व्हायोलंट कुठाय यात? नेहमी असतं ते."

"तुम्हाला लागलं का कुठे?"

"पाच माणसांत ओरडला माझ्यावर."

"ते लिहिलंय. तिसरी ओळ."

बबनने तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "मिस्टर लावलंत होय." मग बोट खालच्या ओळींवरून फिरवलं. "मी काय बोललो ते नाही लिहिलंत?"

"नाही. लिहू?"

बबनने बाकाकडे बघितलं. जयदेव रिकाम्या ग्लासात बघत बसला होता. "लिहा," बबन म्हणाला, आणि या वेळी 'हां तर' नव्हतं. "मी त्याला सुट्टीवरनं टोचलं. खोटं कशाला. पण पिकनिक शब्द नका घालू, बरं दिसत नाही."

तिने एक ओळ वाढवली. बबनने सही ठोकली. तीनला सात मिनिटं कमी असताना फोटो गेला, आणि तीनच्या ठोक्याला प्रीतमसाहेबांचा फोन आला. साहेब उल्हासनगरचे सिंधी, बोलताना तीन भाषांची मिसळ.

"अरे यशोधराबेन, ये क्या निबंध भेजा? एक वर्ड में बोलो, आदमी व्हायोलंट था के नहीं?"

"नाही साहेब."

"पक्का?"

"ज्याच्यावर ओरडला त्याचीच सही आहे खाली."

पलीकडून पुटपुट ऐकू आली. साहेब पहिल्यापासून पुन्हा वाचत असावेत.

"दो दिन छुट्टी दो उसको, पगारी. लेटर नको. शुक्रवारी ये बोलो. और सुनो, इतना लंबा मत लिखो साईं, नीचे का लाइन फोटो में कटता है."

"दोन फोटो काढत जाईन साहेब," यशोधरा म्हणाली, आणि जयदेवला सांगायला बाकाकडे गेली.