दिवस मावळायच्या आत

मंगळवारी रात्री नवरा दुकानातून घरी आला नाही. फोन आला. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा तो गेला होता.

दिवसकार्य उरकलं त्या दुपारी नातेवाईक बसले आणि मुलांची वाटणी ठरली. वाटणी हा शब्द कुणी वापरला नाही. मोठी मुलगी पहिलीत होती, तिला माझी जाऊ कागलला नेणार. जुळ्या मुलांना नुकती दोन वर्षं झाली होती. त्यांतला एक बिद्रीला माझ्या भावाकडे जाणार, दुसरा माझ्याजवळ राहणार. सगळे प्रेमाने बोलत होते, म्हणूनच नाही म्हणता येईना. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात होते, जुळ्यांच्या बाळंतपणापासून बिनपगारी रजेवर. जागा अजून माझी होती, पण फार दिवस राहणार नव्हती. आणि आता घरात येणारा पगार तेवढाच असणार होता.

घरात बसवत नव्हतंच. तिघांना एकत्र ठेवायची सोय शोधत मी आमच्या कळंब्याच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. अंगणवाडी दुपारीच सुटायची. पाळणाघराच्या बाईंनी प्रत्येक मुलाचे वेगळे पैसे सांगितले. तिघांचे देऊन पगारातलं फारसं काही उरलं नसतं. जुळ्यांसाठी काही कमी होईल का, असं मी चाचरत विचारलं.

"जुळी हायत म्हणून एकाच तोंडानं रडत्यात व्हय, ताई?" त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. तो गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले होते. रस्त्यावर आल्यावर त्याची लाज वाटली.

जाऊ मुलीला न्यायला आली तेव्हा तिची पिशवी तयार होती. मी ती सकाळपासून उपसत होते आणि पुन्हा भरत होते. पिशवी घेऊन आम्ही दारात आलो, तर समोर राहणाऱ्या अक्का आमच्या फाटकाला धरून उभ्या. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणते. त्या जैन, एकट्या राहणाऱ्या, मुलगा पुण्यात.

"पोरगी कुठं निघाली?"

"कागलला. राहायला," जाऊ म्हणाली.

"परत कवा?"

जाऊ पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"आणि मी काय मेले व्हय इथं?" अक्का ओरडल्या. आपण कुणाच्या दारात उभ्या आहोत हे आठवून त्यांनी तोंडाला पदर लावला. मग आवाज उतरवून मला म्हणाल्या, "तिघास्नी सकाळी माझ्याकडं सोड. हिला शाळेतनं मी आणीन. शिधा तुझा, वर जमंल ते दे. पण माझ्या घरात दिवस मावळायच्या आत जेवायचं. आणि कांदा-लसूण न्हाय."

"रश्शावर वाढलेली पोरं ही, अक्का," जाऊ म्हणाली.

"मग रविवारी वरपा की आपल्या घरात. मी काय बघायला येते व्हय?"

जाऊ आधी हसली, मग रागावली, आणि चहा न घेताच गेली. मी भावाला फोन करून नाही म्हणून सांगितलं. पिशवी रिकामी केली.

मी कामावर जाऊ लागले. एकाच पुस्तकावर दोनदा शिक्का मारायचे. वाचकाने काही विचारलं तर मला अर्धंच ऐकू यायचं, नजर खिडकीतल्या उन्हावर असायची. ग्रंथालय सहाला बंद व्हायचं. थंडीच्या दिवसांत बस कळंब्याला पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असायचा. मुलं जेवून, तोंडं पुसून अक्कांच्या पायरीवर बसलेली असायची. खुशीत असायची. त्यांच्या जेवणाच्या वेळेला मी कधीच पोहोचले नाही.

आमच्याकडे जेवण नऊला व्हायचं. नवरा दुकान बंद करून यायचा. मुलं आधी जेवलेली असली तरी त्याच्या ताटाभोवती बसायची. तो भाकरीचा पापुद्रा सोलून आमटीत बुडवायचा आणि प्रत्येकाच्या तोंडात घालायचा. जुळ्यांना ते आठवत नाही.

एका रात्री मी जेवत असताना मुलगी माझ्याजवळ बसली होती. मी तसाच पापुद्रा तिच्यापुढे धरला. तिने मान मागे घेतली.

"आई, अंधार पडल्यावर खायचं नसतं."

मी तो ताटात ठेवला. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पप्पा रात्री जेवायचे म्हणून गेले का?"

मी नाही म्हणाले. पुन्हा म्हणाले. ती ऐकत होती, पण तिला पटलेलं दिसत नव्हतं. ती झोपल्यावर मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिले. अक्कांकडे पाठवणं बंद करायचं, असं ठरवलं. मग पुढे काय, असं स्वतःला विचारलं की दर वेळी कागलच समोर यायचं.

सकाळी मी अक्कांना मुलीचा प्रश्न सांगितला. त्या भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी मुलीला हाताला धरून जवळ ओढलं.

"असं कुणी सांगितलं तुला? मी? ह्यो माझा नेम हाय बाळा, माझ्यापुरता. आमचं म्हातारं जन्मभर दिवसाच जेवलं. ते बी गेलंच की."

"खरंच?"

"खोटं कशाला बोलू? फोटो हाय बघ भिंतीवर."

मुलगी आत जाऊन फोटोकडे बराच वेळ बघत राहिली. जुळी तिच्या मागोमाग गेली. माझी बस यायची वेळ झाली होती. मी तिघांना तिथे सोडून निघाले.

मुलगी अजूनही अंधार पडल्यावर काही खात नाही. मी नऊला एकटी जेवते. तिघं आतल्या खोलीत झोपलेली असतात.