सगळ्यांना येणारा वास

नवऱ्याने वाढदिवसाला परफ्यूम आणला. गुलाबी बाटली, सोनेरी झाकण, आणि खोक्यावर व्हॅनिलाचं फूल व तीन-चार लालचुटूक बेरी. त्याने माझ्या मनगटावर फवारा मारला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी मनगट नाकाशी नेलं, डोळे मिटले आणि "छान आहे" म्हणाले. मला कसलाच वास आला नव्हता. जरा गार लागलं, तेवढंच.

एका तापात माझं नाक गेलं, त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ताप उतरला, अंगात ताकद आली, वास काही परत आला नाही. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. कारण माझी नोकरीच नाकाची होती. गंगापूर धरणाच्या बाजूला एका वाइनरीत मी पाहुण्यांना वाइन चाखवायचे. ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, नाक कुठवर न्यायचं आणि काय शोधायचं, हे सगळं सांगायचे. मला ते काम जमायचं आणि मला त्याचा माज होता. नाक गेल्याचं कळलं असतं तर त्या खोलीतली माझी जागा गेली असती, आणि त्या खोलीबाहेर मी कोणीच विशेष नव्हते.

मग मी पाठ केलं. ही लाल वाइन, हिच्यात पिकलेली बेरी, मागून व्हॅनिला, तो ओकच्या पिंपातून येतो. ही पांढरी, हिच्यात पेरू आणि ओलं गवत. आंबट, गोड, तुरट जिभेला कळायचं, बाकीचं तोंडपाठ. पाहुणे माना डोलवायचे. खरं सांगायचं तर त्यांतल्या निम्म्यांनाही त्यातला एकही वास येत नसावा.

घरीही असंच चाललं होतं. दूध उतू जायच्या आधी गॅसजवळ उभी राहायचे, फोडणीचा रंग बघायचे. तरी दोनदा डाळ लागली. सासूबाई म्हणाल्या, "लक्ष कुठं असतं गं तुझं?" मी म्हटलं, फोन आला होता.

तर हा परफ्यूम कसा आहे, हे मला लोकांकडूनच कळणार होतं. मी रोज लावायला लागले आणि लोकांची मतं गोळा करायला लागले. सासूबाई घोटीच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "लेकरांच्या तापाच्या औषधावानी लय गोड वास येतोय. डोकं चढतं माझं." कॉलेजात जाणारी भाची म्हणाली, "मामी, खतरनाक आहे! केक खावासा वाटतोय." शेजारच्या काकूंना बेकरीच्या दारात उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि त्यांनी ते तक्रारीच्या सुरात सांगितलं की कौतुकाच्या, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. एका मैत्रिणीने स्पष्टच विचारलं, "या वयात?" मी पस्तिशीची आहे. कोणी काहीही म्हटलं तरी मी हो म्हणायचे. माझं स्वतःचं मत नव्हतंच.

कामावर मात्र तो लावायचा नाही. चाखण्याच्या खोलीत अत्तर, गजरा, वासाचं तेल, काहीच चालत नाही. एकीच्या अंगाचा वास सगळ्या ग्लासांत उतरतो. म्हणून मी कामावरून घरी आल्यावर, हातपाय धुऊन लावायचे. त्यात मी कधीच चूक केली नाही.

लग्नाच्या वाढदिवसाच्या सकाळी मी नेहमीसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळला आणि स्कूटीवर निघाले. पाऊण तास तो स्कार्फ माझ्या नाकातोंडावर होता. पोचल्यावर काढून कपाटात ठेवला, केस सारखे केले आणि खोलीत गेले.

त्या दिवशी एका हॉटेलचे खरेदीदार आले होते. वाइन बनवणारे आमचे सर स्वतः शेजारी उभे होते. मी लाल वाइन ओतली. पाहुणे म्हणाले, "स्ट्रॉबेरी फारच आहे हो."

"पिकलेल्या बेरीचा वास आहे," मी म्हटलं, "आणि मागून व्हॅनिला. तो पिंपाचा."

मग पांढरी ओतली. त्यांनी हुंगली आणि माझ्याकडे बघितलं. "हिच्यातही स्ट्रॉबेरी?"

मी पेरू म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात सर माझ्याकडे झुकले, आणि त्यांचा चेहरा बदललेला मला दिसला. त्यांनी मला बाहेर नेलं.

"परफ्यूम लावून आलीस?"

"नाही, सर."

"अगं, पिंपांच्या खोलीपर्यंत वास येतोय. तुला येत नाहीये?"

वेळ मारून नेता आली असती. सर्दी झालीय म्हणायचं, सुटलं. पण मला एकदम कंटाळा आला. "नाही येत," मी म्हटलं. "दोन वर्षं काहीच येत नाही."

सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते द्राक्षांच्या ओळींकडे वळले. "आधी सांगायचं ना," एवढंच म्हणाले. सोमवारपासून मला बाटल्यांना लेबलं लावायच्या विभागात यायला सांगितलं. मी बरं म्हटलं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

संध्याकाळी घरी पोचले तर नवरा दारातच हसत उभा होता. "कळलं का काही? सकाळी तुझ्या स्कार्फवर मारला होता. म्हटलं, वाटभर सोबत येईल."

मी चप्पल काढली, मानेपर्यंत तोंड साबणाने धुतलं, खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. तापापासून लेबलांपर्यंत. तो आधी माफी मागत राहिला. मग एकदम थांबला.

"म्हणजे हा वास कसा आहे, तुला माहीतच नाही?"

"नाही."

"मग इतके दिवस रोज का लावत होतीस?"

हे सांगायचं असं मी ठरवलं नव्हतं. "तो लावला की तू माझ्या मानेशी येऊन वास घेतोस," मी म्हटलं. "एरवी येत नाहीस."

तो उठला आणि माझ्याजवळ येऊन बसला, खांद्याला खांदा लावून. त्या दिवशी मी काही लावलेलं नव्हतं, तरी त्याने माझ्या मानेत तोंड खुपसलं. त्याचा श्वास गरम लागत होता, तेवढा कळत होता. मला काहीतरी वाटेल म्हणून मी वाट बघत बसून राहिले.