रुळली

बालवाडी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत असताना पाहिलेली तीन वर्षांची ओवी अजून माझ्या डोळ्यांसमोर येते. पहिल्याच दिवशी ती मातीचा हत्ती करण्यात गुंगली होती. आमच्या बाई तिच्या आईला हळूच म्हणाल्या, "आता मागच्या दाराने निघा. सांगून गेलात तर रडेल."

आई गेली. हत्तीला सोंड लागली आणि ओवी तो दाखवायला वळली. तिने आईला कपाटामागे शोधलं, टेबलाखाली वाकून पाहिलं. मग हत्ती हातात तसाच धरून दाराकडे तोंड करून बसली.

त्यानंतर तिने मातीला हात लावला नाही. रोज ती आईची ओढणी मुठीत धरायची आणि बाई तिचं एकेक बोट सोडवायच्या. अक्षरं शिकवण्याआधीच आम्ही तिला शिकवलं होतं, की आपण रमलो की आपलं माणूस निघून जातं.

काही दिवसांनी तिने आईचा हात आपणहून सोडला आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली.

"बघा, रुळली," बाई आम्हाला समाधानाने म्हणाल्या.

आई मात्र दारातच उभी होती. "ओवी, मी जाते हं," ती म्हणाली.

ओवीने मान वळवली नाही.