लाल बटणावरची माळ

कुणी हात न लावता रोबोचं पातं फिरू लागलं, तेव्हा माझा मुलगा त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला होता. फुटलेला नारळ अजून त्याच्या हातात होता.

"पप्पा, मागं सरका! बटण दाबा!" नात ओरडली.

बंद करायचं लाल बटण झेंडूच्या माळेखाली गेलं होतं. माळ अडकवायला रोबोवर तेवढंच काहीतरी वर आलेलं मुलाला दिसलं होतं. नात बाजूने धावली, फुलांत हात खुपसून तिने बटण दाबलं. पातं मुलाच्या सदऱ्याची बाही फाडून थांबलं.

नात इंजिनीअरिंगला आहे. त्यांच्या कॉलेजांच्या स्पर्धेत दोन रोबोंची झुंज लावतात, म्हणून त्याला पातं. तिचा रोबो पिंपळगावच्या आमच्या द्राक्षांच्या शेडमध्येच बांधला होता. दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली, मग मुलाला वाटलं याचीही करावी. चाचणीसाठी बॅटरी जोडलेली होती. नारळाचं पाणी थेट उघड्या सर्किटवर गेलं.

"देवाचं करायला गेलो, तर हे असं," मुलगा म्हणाला.

"पात्याम्होरं बसायला देवानं नाय सांगितलं," मी म्हणाले.

"आजी, चूक माझी. पात्याला खीळ घातल्याशिवाय बॅटरी जोडायचीच नसते."

"मग आता पूजा बंद का?" मुलाने विचारलं.

"करा की. बॅटरी काढून करा," नात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या वायरी उपसल्या. सर्किट झाकणाच्या डबीत गेलं. पत्र्याच्या धारेवरून जाणाऱ्या वायरीला रबरी नळी चढली. बॅटरीजवळ फ्यूज बसला. बटण मागच्या बाजूला, पात्यापासून लांब आलं. प्रत्येक वायर ती ओढून बघत होती, सुटते का म्हणून. मी चौथी शिकलेली. वायरीतून काय वाहतं ते मला कळत नाही. आमच्याकडे दिवा लागला की वायरमनचं काम संपतं. ही पोरगी मात्र काय काय बिघडेल तेच आधी मोजत बसली होती. अशुभ बोलू नये म्हणून आम्ही कधी तसा विचारच केला नाही. माझ्या मते तो करायला हवा होता.

दसऱ्याच्या त्या दिवशी शेडमध्ये आम्ही तिघंच होतो. मुलाच्या मनगटावर ओरखडा उठला, नातीला आणि मला काही झालं नाही. तिघंही वाचलो.