रिकाम्या खुर्चीतला साळा

आमच्या पांढुर्ण्यात माह्यासारखा निडर मानूस नाही, भूतखेत मी मानतच नाही. मानत नाही म्हनूनच तिगाव स्टेशनकडून अंधार पडल्यावर येतानी डोळे मिटून चालतो, न आतापर्यंत दोनदा नालीत पडलो.

आता जे सांगून राहिलो ते भुताचं हाय का दुसऱ्या कशाचं, मले मालूम नाही. तुमच्यात शिकेल लोकं असतीन, त्याहीनं सांगावं. मले लिहिता येत नाही. मी बोलून राहिलो न माही भाची मोबाईलवर लिहून राहिली. शिव्या तिनं काढल्या, बाकी सारं माहं हाय. नावं बदलली हायत, न जेल कोनती ते सांगत नाही.

हाव, जेल. कायले गेलो ते पयलेच सांगून देतो, नाही त तुमी मले खुनी समजून बसान. मी एका विहिरीवरची पान्याची मोटर चोरली होती. खांद्यावर घेऊन डांबरी रोडपर्यंत आलो, दम लागला, न जे पयली फटफटी दिसली तिले हात दाखवला. त्यानं बसवलंबी. इचारते, जड दिसून राहिली, कोनाची हाय? म्हनलं, माही. तो म्हने माह्याकडंबी अशीच हाय. मंग थोडं पुढं गेल्यावर म्हने, हिच्यावर माह्या पोराचं नाव कोरेल हाय, तुह्या पोराचंबी तेच नाव हाय का? माहं त लगनच नाही झालं... मोटरवाल्यानंच मले ठान्यात नेऊन सोडलं. पोलिसाले पेट्रोलबी नाही लागलं.

त जेलात दर हप्त्याले एक मॅडम येत. नागपूरच्या, लगन होऊन इकडं हिंदी मुलखात आलेल्या, म्हनून आमच्याशी मराठी बोलत. कैद्याच्या मनाचा इलाज कराले येत. आमाले वाटलं सुई देतीन. सुई नाही न गोळी नाही — नुसत्या प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडायच्या न बोलायचं. गोलात बोललेलं गोलाच्या बाहेर न्याचं नाही, कोनाले हसायचं नाही, हे त्याहीचे नियम. हसू नको म्हनलं का मले जास्तच हसू येते.

मॅडम इचारत, राग आला का तो अंगात कुठं बसते? कोनी म्हने डोक्यात, कोनी म्हने हातात. मी म्हनलं, माहा पोटात बसते, जेवलं का उतरते. मंग मॅडम म्हनत, गुन्ह्याच्या आधी मनात एक इचार येते, तो पकडा. चोरीच्या आधी तुमच्या मनात काय आलं, बाळूभाऊ? मी म्हनलं, मॅडम, मनात आलं का मोटर लय भारी हाय. सारे हसले. मॅडम नाही हसल्या. त्याहीनं ते लिहून घेतलं. म्हनलं मेलो, माह्या डोक्यात दगड हाय ते आता कागदावर गेलं.

मंग त्याहीनं तो खुर्चीचा इलाज काढला. मंधात एक रिकामी खुर्ची ठेवायची. ज्याचं आपन वाईट केलं तो मानूस तिच्यात बसेल हाय असं समजून त्याच्याशी बोलायचं. जे मनात अडकेल हाय ते म्हने मोकळं होते. पन आमची लोकं खुर्चीशी काय बोलतीन... जो तो लाजे. तवा मॅडमनं ठरवलं का खुर्चीत कोनी तरी बसावं, समोरच्याले तोंड दिसावं. न नाटक्या कोन? मी. लहानपनी गावच्या दंडारीच्या खेळात बाईचं काम केलं होतं म्हनून सांगून बसलो होतो. खरं म्हनजे एकदाच केलं, न लुगडं सुटलं.

तवापासून सारे मेलेले, मार खाल्लेले, लुटलेले माह्याच अंगात. एकाची सासू झालो, एकाचा शेजारी झालो. म्हशीच्या झगड्यात मले म्हैसबी करून पाह्यलं, पन मॅडमनं थांबवलं.

आता शेषरावची गोठ. शेषराव रामाकोन्याकडला संत्र्याचा बागवाला. कमी बोलनारा, साफ कपड्याचा. त्याच्यावर केस होती का त्यानं साळ्याले विहिरीत ढकललं. साळ्याचं नाव वामन. दोघाची बाग एकाले एक लागून, सकाळी धुऱ्यावरून, म्हनजे मंधातल्या बांधावरून, बोलाचाली झाली न दुपारी वामन विहिरीत मेला. शेषराव म्हने, मी ढकललं नाही, तो इंजनाची जाळी साफ कराले उतरला न चक्कर येऊन पडला. पाहनारं कोनी नव्हतं. वकील म्हने सुटतेच. न त्याची बायको, कुसुमताई, म्हनजे मेलेल्याची सख्खी बहीन — ते कोर्टात उभी राहून म्हनली होती का माहा मालक असं करनारा मानूस नाही. दर मुलाखतीले डबा घेऊन ये. आमी साऱ्याहीनं तिची भाजी खाल्ली हाय.

त्या दिवशी शेषरावची पाळी होती. सकाळचं ऊन, खिडकीतून कबुतरं येऊन-जाऊन राहिली होती, भ्याचं काहीच कारन नाही. मी खुर्चीत जाऊन बसलो. मनात ठरवेल होतं का पयलेच म्हनायचं, 'दाजी, बिडी आनली का?' म्हनजे तो मोकळा होईन, थोडं हसू होईन.

तोंड उघडलं, न जिभीवर रॉकेलची चव आली. कंदील भरतानी नळी ओढली का येते ना, तशी. न तोंडातून निंगालं —

"दाजी, कंदील इझला होता ना?"

लोकं हसले. त्याहीले वाटलं बाळ्यानं काही तरी फेकलं. मलेबी तसंच वाटलं, मीबी हसलो. शेषराव नाही हसला. त्याचं तोंड राखेसारखं झालं. तो उठला, खुर्ची पडली, न तो भिंतीले टेकून उभा राहिला.  त्या दिवशीचा गोल तिथंच मोडला.

मले तवा काहीच समजलं नाही. कंदील कोनता, कुठला? आमच्या घरी त लाईट हाय.

तवापासून सारे माह्याकडं वाकडे पाहाले लागले. शेषरावनं कोनाले तरी म्हनलं का बाळ्या खबरी हाय, पोलिसानं मुद्दाम आत टाकला. झालं. जेलात खबरी म्हनजे काय ते तुमाले समजनार नाही, न समजू बी नये. जेवाच्या लाईनीत माह्या मागं-पुढं जागा सुटे. कालपर्यंत माह्या गोष्टीवर बिडी देनारे आता माह्या डोळ्यात डोळा नाही टाकत. एक जन जाता जाता कानात म्हनून गेला का नळावर पाय घसरते बरं, जपून. मी पानीच कमी प्याले लागलो.

गार्डबी इचारून गेला, "सच बोल, किसका आदमी है तू?" मी म्हनलं, साहेब, माहा मीच नाही, दुसऱ्याचा कुठून असन. त्यालेबी वाटलं मी लपवून राहिलो. मंग एका दिवशी त्यानं हळूच इचारलं का दुसऱ्या केसवाल्याच्या समोरबी तुले खुर्चीत बसवलं त जमन का.

मॅडमले वाटलं मी त्याहीच्या फाईलीत डोकावलो. मले एकट्याले बोलावलं न फाईलीतला कागद समोर ठेवला. "वाचा." मी उचलला न पाहत बसलो. त्याहीनं तो माह्या हातात सरळ केला, तवा समजलं का मी उलटा धरला होता. मंग त्या म्हनल्या, "बाळूभाऊ, या फाईलीत कंदील हा शब्दच नाही. तुम्ही कोणाकडून ऐकलं?" म्हनलं, मॅडम, मी माह्या तोंडाकडून ऐकलं. त्याहीनं कागद माह्या हातातून घेऊन फाईलीत ठेवला. त्याहीचा भरवसा बसला नाही, मले दिसलं.

न खरं सांगू, माहाबी बसेना. मी माह्याचवर पाळत ठेवाले लागलो. बोलाच्या आधी तोंडावर हात ठेवू. म्हनलं आतून अजून कोनी बोलन त काय करू. एकदा वरनाची वाटी मांगाची होती, त नुसता वाटीकडं बोट दाखवून उभा राहिलो. वाढनाऱ्याले वाटलं मौनात बसला. रागानं त्यानं काहीच नाही देल्लं.

शेवटी शेषरावनंच मले नळावर गाठलं. आजूबाजूले कोनी नव्हतं. 

"कोनं सांगतलं तुले?"

"कोनंच नाही, दाजी."

'दाजी' आपसूकच निंगालं, न मी तोंडावर हात ठेवला. त्यानं माही कॉलर धरली.

"दाजी म्हनू नको मले. पोलिसाचा हायस ना तू?"

"भाऊ, पोलिसाचा असतो त मोटरवाल्याच्याच गाडीवर बसलो असतो का?"

त्यानं हात सोडला. गळता नळ घट्ट बंद केला. मंग हळूच इचारते, "माही बायको बोलली का? तिले मालूम हाय का?"

तवा मले दिसलं का हा मानूस मले नाही भेत, पोलिसालेबी नाही. मी म्हनलं, तिच्याशी मी एकच बोललो, भाजीत मीठ कमी हाय म्हनून. तो खाली बसला, ओल्या फरशीवर, साफ कपड्यात.

मंग त्यानं सांगतलं. आमच्याकडं उन्हाळ्यात विहिरीचं पानी खाली गेलं का इंजनबी खाली उतरवतेत, त्याचा धुवा विहिरीत कोंडते. म्हनून मानूस उतराच्या आधी पेटेल कंदील दोरानं खाली सोडतेत. जळत राहिला त उतराचं, इझला त खाली गॅस हाय, उतराचं नाही. भर दुपारी विहिरीवर कंदील कायले होता, हे कोन्या पोलिसानं इचारलंबी नव्हतं न लिहिलंबी नव्हतं. शेषरावनं कंदील सोडला. वामन पाठ करून कमरेले दोर बांधत होता. तिकडूनच त्यानं इचारलं, दाजी, जळून राहिला ना? शेषराव म्हनला, हाव.

"न इझला होता?" मी इचारलं.

"इझला होता. मी वढून घेतला, पुन्हा पेटवला, न बाजूले ठेवून देल्ला. वामननं वळून पाह्यला तवा तो जळतच होता." मंग म्हनला, "तेवढं त वामनलेबी मालूम नव्हतं, बाळ्या. मरेपर्यंत मालूम नव्हतं. तुले कसं?"



तुमी म्हनान झोपेत बडबडला असन. मीबी तेच धरून बसलो होतो, मले सुटाले तीच एक वाट होती. पन तो दुसऱ्या बराकीत. त्याच्या बाजूले झोपनाऱ्याले मी इचारलं, तो म्हने मेल्यासारखा झोपते, हुं का चूं नाही. न त्यानं ऐकलं असतं त माह्याशी कायले बोलला असता, मी खबरी ना.

पुढच्या हप्त्याले शेषरावनं स्वताहून खुर्ची मंधात ठेवली. मी उठलो त मॅडम म्हनल्या, तुम्ही बसा, खुर्ची रिकामीच राहू द्या. मले लय बरं वाटलं. शेषराव खुर्चीकडं पाहून सारं बोलला. कोनी हसलं नाही, मीबी नाही. मॅडमनं एकच इचारलं, हो म्हणण्याच्या आधी मनात काय आलं होतं? शेषरावनं खुर्ची सरळ केली. मंग म्हने, "सकाळचा राग होता का नुसती घाई होती, मले आजबी नाही समजत. मी हाव म्हनलो." मॅडमनं ते लिहून नाही घेतलं.

मुलाखतीच्या दिवशी त्यानं कुसुमताईले सांगतलं. जाळीच्या त्या बाजूले ते उभीच राहिली, डबा हातात तसाच. देल्ला नाही, घेऊन गेली. मंग त्यानं कोर्टातबी सांगतलं. वकिलानं डोक्याले हात लावला. सजा झाली, पोलिसानं मांगली होती तेवढी नाही, पन झाली. बराकीतल्या लोकाहीनं मले खबरी म्हननं सोडलं. पन बिडी पुन्हा कोनं देल्ली नाही. आता माह्या जवळ बसाले भेत. म्हनत, याच्यासमोर मनात काही आनू नका.

सुटल्यावर मले चैन पडेना. मनात एकच — तो वामनच होता का? हे फक्त त्याची बहीनच सांगू शकते, असं मले वाटलं. मी रामाकोन्याले बसमधून उतरलो न इचारत इचारत गेलो. कुसुमताई आंगनात कापूस निवडून राहिली होती. मी कोन ते सांगतलं. तिनं बस नाही म्हनलं, जा बी नाही म्हनलं. गोठ्याच्या खुंटीले एक कंदील टांगेल होता, काच पुसेल. मी तिकडं पाहून राहिलो हे तिनं पाह्यलं.

मी इचारलं, मुलाखतीले जाता का. ताई म्हने, जातो. तो रडते, मी पाहतो. मंग येतो.

मंग मी सारं सांगतलं. रॉकेलची चव, मी बोलनार होतो ते बिडीचं, न निंगालं ते. म्हनलं ताई, तुमचा भाऊ असाच बोले का? तोच आला असन का माह्या तोंडात?

ते कापूस निवडतच राहिली. सरकी बाजूले, कापूस बाजूले. मंग वर पाह्यलं न म्हनली —

"माह्या भावाले बोलायचंच असतं त माह्याशी बोलला असता. तुह्यासारख्या मोटरचोराच्या तोंडात कायले येईन तो?"