फॉर्म भरला, छान झालाय

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. आमच्या घरात या वयात लोक गुडघे दुखवून घेतात किंवा पत्रिका बघायला शिकतात, त्यामुळे कुणी फारसा विरोध केला नाही. मी बडोद्याजवळ कोयलीच्या बाजूला एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. पंप का बंद पडला ते शोधायचं, हे माझं काम. मला वाटलं, ज्याला पंप कळतो त्याला संगणक कळायला काय हरकत आहे. पण पंपाचा एक गुण असतो. तो बंद पडला की आवाज थांबतो. माझे प्रोग्रॅम बंद पडल्यावरही चालू असल्यासारखे दिसत.

निमित्त बाबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. माणूस ऐंशी ओलांडून थोडा पुढे गेला की त्याने हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरतात, शांत करतात, ओवाळतात, आणि नातेवाईक जेवून जातात. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले. 'धरतात' या शब्दावर त्यांचा विश्वास नाही.

"हजार म्हणजे मोजून हजार का?" त्यांनी गुरुजींना विचारलं.

"साधारण," गुरुजी म्हणाले.

"साधारण हजार चंद्र," बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे साधारण वेळेवर गाडी."

मी म्हटलं, मी मोजून देतो.

तो माझा पहिला प्रोग्रॅम. एक खिडकी, त्यात जन्मतारीख, खाली 'मोजा' असं बटण. बटण दाबलं आणि खिडकी गोठली. जेवून आलो तरी गोठलेलीच. पौर्णिमा मोजून झाल्यावर तारीख पुढे न्यायची असते, ते मी लिहायचं विसरलो होतो. संगणक इमानाने एकाच पौर्णिमेला पुन्हा पुन्हा मोजत बसला होता. त्या हिशोबाने बाबा अजून पाळण्यात होते.

ते दुरुस्त केलं तर गुरुजींनी काढलेल्या तारखेपर्यंत नऊशे नव्व्याण्णव आले.

"एक कुठे गेला?" बाबांनी विचारलं.

"बघतो."

"मी जन्मलो ती पौर्णिमाच होती. ती धरलीस का?"

धरली नव्हती. संगणक शून्यापासून मोजतो आणि मी एकापासून सुरुवात केली होती. त्यामुळे शून्य नंबरचा चंद्र, म्हणजे खुद्द जन्माचा, बाहेर राहिला. "पहिलाच गाळलास," बाबा म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. माझं प्रोग्रॅमिंगचं शिक्षण या दोन शब्दांत पुरं झालं असं मला तेव्हा वाटलं. झालं नव्हतं.

आता आमंत्रणं. कोण येणार, किती जण, कुठल्या गाडीने, हे कळलं असतं तर वासण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये किती आणि शेजाऱ्यांकडे किती झोपवायचे ते ठरवता आलं असतं. मी जाहीर केलं की यासाठी वेबवर फॉर्म करतो. बाबांनी एकच अट घातली. सगळ्यांना एकसारखं आमंत्रण जायला हवं, कुणाला वेगळा फोन नाही.

ही अट काकांसाठी होती हे घरात सगळ्यांना कळलं.

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. जळगावला असतात, गणिताचे मास्तर होते. नऊ वर्षांपूर्वी त्यांना आपल्या घरी गौरी बसवायच्या होत्या. आमच्याकडे गौरी थोरल्याच्या घरीच बसतात, बाकीच्यांनी तिथे यायचं. बाबा म्हणाले, एक घर, एक गौर. काका म्हणाले, बरं. त्या 'बरं'नंतर ते बडोद्याला आलेले नाहीत. दिवाळीला फोन होतो. त्यात दोन्हीकडचं हवामान सांगून होतं.

फॉर्ममध्ये मी रकाने ठेवले: नाव, किती माणसं, येण्याची गाडी, परतीची तारीख, विशेष सूचना. सगळे सक्तीचे. एक जरी रिकामा राहिला तरी फॉर्म पुढे जाणार नाही. ज्या व्हिडिओवरून शिकत होतो त्यात बजावलं होतं, वापरणाऱ्यावर कधीही विश्वास ठेवू नका. नातेवाइकांच्या बाबतीत हे मला लगेच पटलं.

बायकोने पाहिलं. "'येणार' आणि 'येणार नाही', दोनच बटणं?"

"मग?"

"आपल्याकडे 'बघू, जमलं तर' म्हणतात सगळे. ते कुठे दाबायचं?"

"संगणकाला हो किंवा नाही एवढंच कळतं."

"मग तुमच्या आत्याला बोलावूच नका."

फॉर्म चालतो का हे पाहायला मी स्वतःच एक भरला. नाव 'अबक', माणसं शंभर, सूचना 'लसूण नको'. यादीत तो बरोबर दिसला. आता ती ओळ काढायची कशी, हे मला येत नव्हतं. म्हणून मी यादीलाच सांगून ठेवलं की पहिली ओळ दाखवायची नाही, दुसरीपासून सुरू करायचं. कारखान्यात गळक्या नळाला चिंधी बांधतात, तसं. मग पत्ता कुटुंबाच्या ग्रूपवर टाकला आणि पंख्याखाली बसलो.

दहा मिनिटांत आतेभावाचा निरोप आला: "फॉर्म भरला. छान झालाय." पाठोपाठ आत्या: "भरला रे. खूपच सुंदर." मग इंदूर, मग पुणे, मग मांडवीतली लांबची चुलत बहीण, जिने 'भरला'च्या पुढे 'बराबर छे' असंही लिहिलं. संध्याकाळपर्यंत चौदा जणांनी भरला होता.

यादी रिकामी होती.

बाबा खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. "आला का?"

ते 'कोण' म्हणाले नाहीत.

"यादीत काहीतरी बिघाड आहे, बाबा. कुणाचाच दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी आतेभावाला फोन केला.

"तू नक्की भरलास ना?"

"अरे, कधीच! मस्त केलंयस. रंग तर काय सुरेख."

"कुठला रंग?"

"तोच रे. सगळाच."

फॉर्म पांढरा होता. पण वापरणाऱ्याचं मत ऐकावं असंही त्या व्हिडिओत होतं, म्हणून मी त्याला फिकट निळा रंग दिला. इंदूरच्या मावसबहिणीला विचारलं, रंग कसा वाटतो. म्हणाली, आधीसारखाच छान आहे.

मग मी आठवडाभर बिघाड शोधला. चौदा माणसं भरला म्हणतात आणि ओळ एक नाही, म्हणजे माहिती साठवताना वाटेत कुठेतरी सांडते आहे. कारखान्यात टाकीतून निघालेलं पाणी पुढे पोचलं नाही तर आपण मधला नळ बघतो. मी मधला नळ बघितला. डेटाबेस काढून पुन्हा घातला. एका ओळीतला अर्धविराम राहिला होता, तो दिला. आणखी एक दिला, तर आधी चालत होतं तेही बंद पडलं. इंटरनेटवर एका चर्चेच्या जागी प्रश्न विचारला. हा प्रश्न आधी विचारून झाला आहे, असं उत्तर आलं. कुठे, ते नव्हतं. प्रत्येक दुरुस्तीनंतर मी आपल्याच संगणकावर फॉर्म भरून पाहायचो आणि तो गपचूप साठवला जायचा. मग सगळं पुसून, पहिल्या ओळीत पुन्हा तो 'अबक' घालून पहिल्यापासून सुरुवात.

"तुमच्याकडे चालतं, लोकांकडे चालत नाही," बायको म्हणाली. "तुमच्या विनोदांचंही तसंच आहे."

बाबा रोज सकाळी चहा घेऊन खुर्चीमागे यायचे. आठव्या दिवशी त्यांनी विचारलं, "ग्रूपवर सगळ्यांनी लिहिलंय ना, भरला म्हणून?"

"हो."

"त्याने?"

काकांनी काही लिहिलं नव्हतं. ना 'भरला', ना 'छान', ना अंगठा. सगळ्या कुटुंबात ते एकटेच गप्प होते.

"नाही," मी म्हणालो.

बाबांनी कप ठेवला. "मग मोठं काही करू नकोस. घरातल्या घरात करू. चंद्रदर्शनाला माणसं कशाला लागतात, चंद्राला लागत नाहीत." त्याच दुपारी त्यांनी गुरुजींना फोन करून सांगितलं की जेवायला सहाच पानं धरा. गुरुजींनी विचारलं, साधारण? बाबा म्हणाले, मोजून.

पोस्टकार्ड आलं ते त्यानंतर तिसऱ्या दिवशी. आमच्याकडे पोस्टकार्ड यायचं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की वॉचमनने ते हातात देताना विचारलं, "आ शुं छे?" अक्षर मास्तरांचं होतं. बाबांनी चष्मा पुसला, वाचलं, पुन्हा पुसला आणि कार्ड माझ्याकडे दिलं.

"तीर्थरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार. चिरंजीवांनी पाठवलेला फॉर्म उघडत नाही. रोज सकाळी व संध्याकाळी प्रयत्न केला. बाकी सर्वांनी भरल्याचं लिहिलं आहे, तेव्हा दोष माझ्या फोनात असावा असं समजून दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणतो फोन ठीक आहे. न भरता भरला असं मी लिहिणार नाही. पत्ता जसा दिसला तसा खाली उतरवला आहे, तपासून घ्यावा. तुम्ही बोलावलं आहे असं धरून आम्ही दोघे सोयीच्या गाडीने येतो. मला मीठ कमी."

खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांत, शाईच्या पेनाने, एकेक अक्षर सुटं काढून, फळ्यावर लिहावं तसा पत्ता लिहिला होता. लोकलहोस्ट. पुढे दोन टिंबं आणि चार आकडे.

पडद्यावर तो शब्द मी दिवसातून पन्नासदा बघत होतो. शाईत पाहिला तेव्हा वाचला.

लोकलहोस्ट म्हणजे 'हेच यंत्र'. माझ्या संगणकावर तो पत्ता दाबला की संगणक स्वतःच्या पोटात फॉर्म शोधतो, आणि तो तिथे असतो. जळगावच्या फोनवर दाबला की फोन स्वतःच्या पोटात शोधतो आणि तिथे काही नसतं. लग्नाच्या पत्रिकेवर 'स्थळ: घरी' एवढंच छापून हजार जणांना वाटावी, आणि प्रत्येकाने आपापल्या घरी जाऊन बसावं, तसं मी केलं होतं. फॉर्म जगात कुणालाही उघडणं शक्य नव्हतं. चौदा जणांनी तो भरला होता. रंगासकट.

आतेभावाला फोन लावला.

"खरं सांग, उघडला होता का?"

"अरे, उघडत नव्हता. पण एवढ्या हौसेने केलेलंस. तुला कुठे वाईट वाटायला लावायचं?"

"आणि बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांचं काय माहीत. मी पहिला होतो."

बाबा ऐकत होते. माझ्यावर रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "म्हणजे तो गप्प नव्हता. प्रयत्न करत होता." कार्ड पुन्हा हातात घेऊन म्हणाले, "रोज. दोन वेळा."

फॉर्म बाहेरच्या सर्व्हरवर चढवायला आणखी दोन दिवस लागले. तिथे तो आधी चाललाच नाही, कारण मी सगळीकडे माझ्या संगणकाच्या डी ड्राइव्हचा रस्ता लिहून ठेवला होता आणि त्या सर्व्हरला माझा डी ड्राइव्ह माहीत असायचं कारण नव्हतं. शेवटी बायकोने आपल्या फोनवर उघडून दाखवला. "निळा आहे," ती म्हणाली. कुणीतरी खरोखर पाहिल्याचा तो पहिला पुरावा.

ग्रूपवर टाकणार, तेवढ्यात बाबांनी हात केला. "थांब. पहिलं नाव त्याचं जाऊ दे. त्याने कागदावर भरलाय, मी इथे भरतो."

ते खुर्चीवर बसले. पोस्टकार्ड कळफलकाला टेकवून उभं केलं. नाव एका बोटाने लिहिलं. माणसं दोन. गाडी, सुरत-भुसावळ मार्गावरची कुठली सोयीची ते त्यांना तोंडपाठ होतं. सूचना: मीठ कमी. बटण दाबलं. लाल अक्षरांत आलं: परतीची तारीख आवश्यक आहे.

"कार्डावर नाहीये," बाबा म्हणाले.

"कुठलीही टाका, नंतर बदलू."

"त्याने न भरता भरला म्हटलं नाही, आणि मी त्याच्या नावावर खोटी तारीख घालू?" त्यांनी हात मांडीवर ठेवले. "ती अट काढ."

मी अट काढली. एक शब्द पुसायचा होता. बाबांनी बटण दाबलं. मी यादी उघडली.

यादी रिकामी होती.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी बघितला नाही, कारण मला त्याच क्षणी चिंधी आठवली. नव्या सर्व्हरवर 'अबक' नव्हता. पहिली ओळ काकांची होती आणि पहिली दाखवायची नाही असं मीच सांगून ठेवलं होतं.

"पुन्हा पहिलाच गाळलास ना?" बाबा म्हणाले.

"हो."

"शून्यापासून मोज."

एकाचा शून्य केला. काका आले. दोन माणसं, मीठ कमी.

बाबांनी गुरुजींना फोन करून सहा पानांची तीस केली. मग पत्ता ग्रूपवर गेला, आणि या खेपेस लोकांनी खरंच भरला. आतेभावाचा तेवढा फोन आला, की अरे, रंग का बदललास, आधीचा बरा होता.

परतीच्या तारखेची सक्ती सगळ्यांसाठीच निघाली होती, पण आमच्याकडे परतीचं तिकीट पक्कं झाल्याशिवाय कुणी घरातून निघत नाही. सगळ्यांनी तो रकाना भरला. काकांचा तेवढा रिकामा राहिला. बाबा रोज सकाळी चहा घेऊन यायचे, यादी उघडायला लावायचे आणि ती रिकामी जागा बघून जायचे. मी एकदा विचारलं, काकांना फोन करून तारीख घेऊ का, गाद्यांचं ठरवता येईल.

"नको," बाबा म्हणाले. "चालतंय त्याला हात लावू नये. तुमच्यात नाही का तसा नियम?"