तार न जोडलेला कँप

इथले अनुभव मी वाचतो ते झोप येत नाही म्हणून, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसूच येतं. पिंपळ, अमावस्या, पांढरी साडी... चालू द्या! मी आयुष्यभर टेलिफोनच्या तारा जोडल्या. आवाज तारेतून येतो, तार नसेल तर येत नाही — माझी श्रद्धा म्हणाल तर एवढीच. तरीही हे लिहितोय, कारण त्या दिवसाचा उलगडा मला अजून झालेला नाही.

बहात्तरचा दुष्काळ. नगर जिल्ह्यात जागोजागी दुष्काळी कामं निघाली होती. आमच्या खात्याने नगरचं मुख्य ऑफिस, तिसगाव, पाथर्डी आणि त्याच्या पुढे डोंगराखाली तलावाच्या कामावरचा कँप, हे सगळं एका तारेवर जोडायचं ठरवलं. आज माझा मुलगा ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर एकमेकांना जोडतो, त्याचा रुबाब काही विचारू नका. आमच्याकडे हँडल फिरवायचे फोन, आणि एकाने बोललेलं सगळ्या ऑफिसांत ऐकू जायचं. साहेबांनी घरची भाजी सांगितली तरी ती तिसगावला कळायची.

पाथर्डीपर्यंत लाईन झाली आणि तार संपली. पुढे नुसते खांब उभे. कँपच्या तंबूत फोन मात्र आधीच नेऊन ठेवला होता, टेबलावर शोभेला.

दुपारी लाईनची हजेरी घ्यायची आमची पद्धत होती. एकेका ऑफिसचं नाव पुकारायचं, तिथल्याने "आहे" म्हणायचं. त्या दिवशी मी पाथर्डीच्या ऑफिसातून पुकारत होतो. नगर झालं, तिसगाव झालं, पाथर्डीचा मीच. नकाशावरचा क्रम तोंडात इतका बसला होता की बोलण्याच्या ओघात मी पुढचंही नाव पुकारून गेलो — "कँप?" शेजारी बसलेले क्लार्क भिसे खो खो हसायला लागले. मलाही हसू फुटत होतं...

तेवढ्यात कानात बाईचा आवाज आला.

"हाय जी. आमी खाली कपारीला हाय, सावलीत."

ना खरखर, ना अंतर. कुणी गालाशी गाल लावून बोलावं तसं. माझ्या हातातून रिसीव्हर सुटला. लगेच तिसगावची घंटी आली, ती भिशांनी घेतली. तिकडचा माणूस विचारत होता, ही बाई कोण? नगरनेही तेच विचारलं. म्हणजे भास म्हणून सोडून द्यायची सोय राहिली नव्हती.

आणि मग मला घाम फुटला. कँपवर दुपारच्या सुट्टीत तलावासाठी दगड काढायच्या खाणीत सुरुंग उडवायचे. शिट्टी झाली की मजूर वर येणार, मग वात पेटणार. आणि कपार खाणीच्या तळाशी होती.

जीप काढली. भिसे सोबत आले. मी मनात एकच घोकत होतो, धडाका ऐकू येऊ नये. कँपवर पोचलो तेव्हा लाल झेंडा वर होता, शिट्टी होऊन गेली होती. मी जीपमधूनच ओरडलो, थांबवा, खाली माणसं आहेत, फोनवर निरोप आलाय. ओव्हरसिअर भडकला. मला तंबूत नेऊन त्याने तो फोन दाखवला आणि विचारलं, कशातून निरोप आला तुम्हाला? म्हटलं, मला वेड्यात काढा, पण आधी खाली माणूस पाठवा.

माणसं उतरली आणि कपारीतून तीन बायका बाहेर निघाल्या. जिवंत. मला रडू आलं, त्याची लाज वाटली नाही.

वर आल्यावर ओव्हरसिअरने त्यांना झापलं. शिट्टी ऐकू आली नाही का?

त्यातली गयाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आली की. पर ह्या सायबानी वरून इचारलं, कँप हाय का म्हनून. म्या सांगितलं, खाली हाय."

तोच आवाज. मी भिशांचा हात घट्ट धरला.

"मंग हेच म्हनले, तिथंच बसा, हालू नका. म्हनून शिट्टी झाली तरी आमी बसून ऱ्हायलो."

ताई-दादांनो, मी तसं काहीही बोललो नव्हतो. रिसीव्हर तर तिच्या उत्तराबरोबरच हातातून सुटला होता. भिसे शेजारी होते. तिसगाव आणि नगर लाईनवर होते, त्यांनीही ते शब्द ऐकले नाहीत. मी गयाबाईला पुन्हा पुन्हा विचारलं. ती शपथेवर सांगत राहिली की आवाज माझाच होता.

तिचं उत्तर माझ्यापर्यंत कसं पोचलं, हे मला आजही सांगता येत नाही. निदान त्याने तिघींचा जीव वाचला, असं म्हणून मी मनाची समजूत घालू शकतो. पण त्यानंतर माझ्या आवाजात त्यांना तिथंच बसवून ठेवणारं ते कोण होतं?